मांजरपाटवाल्यांच्या गावात

आमच्या कोल्हापुरात माणसाची पेठ आधी विचारतात आणि नाव नंतर. पेठ कळली की तुमचा फुटबॉल संघ कळतो, आणि संघ कळला की तुमच्याशी किती बोलायचं हे समोरचा ठरवतो. अशा गावात जन्मून माझा जीव सत्तेचाळीस वर्षं भिवंडीच्या एका संघावर आहे. पेठेतल्या लोकांना हे अजून पचलेलं नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला यावरून टोमणे बसलेले आहेत. मागच्या महिन्यात मी त्या संघाला त्याच्या गावी जाऊन भेटून आलो. निघताना बायकोनं दशम्या बांधून दिल्या आणि तिकडं बघण्यासारखं काय आहे असं विचारलं. मी म्हटलं, मॅच. ती म्हणाली, ती इथं काय कमी आहे होय, आणि दार लावून घेतलं.

गाडीत झोप येईना. मी अकरा वर्षांचा असताना आमच्याकडच्या राज्यस्तरीय स्पर्धेत हा संघ पहिल्यांदा आला होता. नाव ‘तानाबाना स्पोर्टिंग’. सगळे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारे. अंगात लूमवरून काढलेल्या कोऱ्या, न रंगवलेल्या कापडाच्या जर्सी, छातीवर एक निळी पट्टी. ते मैदानात उतरले तेव्हा सगळा स्टँड हसला. कुणीतरी ‘मांजरपाट’ म्हणून ओरडलं आणि तेच नाव पडलं. त्या मांजरपाटवाल्यांनी आमच्या पेठेला तीन गोल घातले.

गोलांचं मला तेव्हा फारसं वाटलं नाही. मी बघत राहिलो ते वेगळ्याच गोष्टीकडे. हे अकरा जण बोलतच नव्हते. आमचे खेळाडू एकमेकांच्या आया-बहिणींचा उद्धार करत पळत होते, आणि हे मुकाट. एक जण दोन बोटं वर करायचा, दुसरा मनगट फिरवायचा, आणि चेंडू बरोबर तिसऱ्याच्या पायात. डावीकडून पळणारा एक काटकुळा पोरगा होता, मुख्तार नावाचा. त्यानं दोन गोल केले आणि दोन्ही वेळा नाचला नाही, नुसतं ओठ हलवून साथीदाराला काहीतरी सांगितलं. मी त्या दिवशी फितूर झालो तो कायमचा.

पुढच्या वर्षी ते पुन्हा आले आणि पुन्हा जिंकले. त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, मिरजेत. तेव्हा मी फाउंड्रीत नोकरीला लागलो होतो. तो सामना ते हरले. मग पेपरात कोपऱ्यात कधीतरी एक ओळ यायची, चार-शून्य, सहा-एक, आणि ते चार नि सहा दुसऱ्याचे असायचे. पुढे ओळही यायची थांबली. मला वाटलं, संघ मोडला. मी निवृत्त झालो आणि आमच्या गल्लीतला दिलीप, जो भिवंडीजवळच्या काल्हेर-पूर्ण्याच्या गोदामांत ट्रक घेऊन जातो, एक दिवस सांगत आला की तुमचे मांजरपाटवाले अजून जिवंत आहेत. एका गोदामाच्या फाटकावरचा वॉचमनच त्यांचा गोलकीपर निघाला होता. दिलीपनं त्याचा नंबर आणला होता. मी त्याच संध्याकाळी फोन केला.

कल्याणला उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. स्टँडवरून भिवंडीची एसटी मिळाली. दुर्गाडीचा पूल ओलांडला की खाडीचा वास येतो आणि कोनगाव मागे पडलं की ट्रक सुरू होतात. मी आयुष्यात एवढे ट्रक एका रांगेत पाहिले नव्हते. वाहकाला विचारलं की ही कसली गर्दी, तर तो म्हणाला, ‘गर्दी? आज शनिवार हाय, रस्ता मोकला हाय.’ मोकळ्या रस्त्यानं सात मैलांना सव्वा तास लागला. हिवाळ्याचे दिवस, पण खिडकीत हात ठेवला तर बाहीवर धुळीचा थर बसत होता.

भिवंडी आधी ऐकू येते आणि मग दिसते. स्टँडवर उतरल्यावर मला वाटलं एसटीचंच इंजिन खडखडतंय. एसटी निघून गेली तरी आवाज तसाच. गल्लीगल्लीत पत्र्याच्या शेड, त्यांना इथं ‘कारखाना’ म्हणतात, मग आत चार लूम असोत की चाळीस. काही दारांतून खटखट येत होती, काहींना कुलपं होती. कुलपं जास्त होती.

गोलकीपर रोशन भोईर मोटरसायकल घेऊन न्यायला आला होता. पस्तिशीचा, आडवा, हाताचे पंजे सुपाएवढे. पूर्णा गावचा आगरी. त्यानं वाकून पाया पडायला सुरुवात केली तेव्हा मीच लाजलो. त्याच्या आयुष्यात या संघाला भेटायला बाहेरगावाहून आलेला मी पहिलाच माणूस होतो. लॉजवर पिशवी टाकून त्यानं मला थेट मुख्तारभाईंकडे नेलं. तोच काटकुळा मुख्तार. आता सत्तरीचा, अजूनही काटकुळा, आणि गेली वीस वर्षं संघाचा सेक्रेटरी, कोच आणि जर्सी धुणारा.

खाली सहा लूमचा त्यांचा कारखाना, वर राहतं घर. मी जिन्यातच बोलायला सुरुवात केली. इतकी वर्षं मनात साठवलेलं सगळं, ते दोन गोल, ती बोटं, मिरजेची मॅच, एका दमात सांगून टाकलं. मुख्तारभाई माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. माझं संपल्यावर त्यांनी रोशनकडे वळून विचारलं, ‘क्या बोल रहे हैं?’

झालं होतं असं की लूमच्या आवाजात पन्नास वर्षं काढून त्यांचे कान गेले आहेत. त्याचं त्यांना काही नाही, कारण इथले जुने विणकर कानानं ऐकतच नाहीत, ओठ वाचतात. आणि माझी मिशी खास कोल्हापुरी, वरचा ओठ सगळा झाकणारी. त्यांच्या दृष्टीनं मी पाच मिनिटं दाराआडून बोलत होतो. रोशननं सांगितलं की लूमवाला माणूस कधी अशी मिशी ठेवत नाही, कामावर कुणी त्याच्याशी बोलूच शकणार नाही.

मी बराच वेळ मिशीला हात लावून बसलो. बापानं मला मिसरूड फुटल्यावर सांगितलं होतं की ही खाली आली तरी चालेल पण निघता कामा नये. पण सत्तेचाळीस वर्षांनी माणूस भेटावा आणि त्याला माझा शब्द कळू नये, हे मला सहन होईना. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेलो. त्यानं दोनदा विचारून घेतलं आणि कात्री लावली. परत येऊन मी मुख्तारभाईंसमोर बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. या वेळी ते हसले, मग डोळे पुसले, आणि दुसरा गोल मी चुकीचा सांगितला म्हणून मला दुरुस्त केलं.

दुपारी त्यांच्या सुनेनं दालचा आणि भात वाढला. दालचा म्हणजे मटण घातलेली दुधीची डाळ. चव सुरेख, पण तिखट म्हणाल तर आमच्याकडं लहान मुलांना देतात तेवढं. मी हिरवी मिरची मागितली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी जेवण थांबवून माझ्याकडे बघितलं.

जेवणानंतर मी विचारलं, की संघ खाली गेला कधीपासून. आमच्याकडं अशा प्रश्नाला ठरलेली उत्तरं असतात. रेफ्री विकला गेला, कोचनं पुतण्याला खेळवलं, अमक्यानं तमक्याचा पाय मोडला. मी तशाच एखाद्या गोष्टीची वाट बघत होतो. मुख्तारभाई मला खाली कारखान्यात घेऊन गेले. सहापैकी दोन लूम चालू होते, त्यांच्यामध्ये एक विणकर उभा होता. कानठळ्या बसत होत्या. मुख्तारभाईंनी लांबूनच ओठ हलवले, त्यानं मान डोलावून दोन बोटं दाखवली. मी ही बोटं आमच्या स्टेडियमवर पाहिली होती.

मग बाहेर ओट्यावर बसून त्यांनी जे सांगितलं ते आमच्या पेठेतल्या कुठल्याही भांडणात मी ऐकलेलं नाही. भिवंडीचे लूम शुक्रवारी बंद असतात. जगाचे सामने रविवारी. म्हणजे खेळायचं तर कामाच्या दिवशी, आणि लूम तर बंद ठेवता येत नाही. त्यामुळे प्रत्येक खेळाडूचा एक जोडीदार असायचा. खेळाडू मॅचला गेला की शेजारचा विणकर स्वतःच्या लूमबरोबर त्याचेही लूम चालवायचा, आणि विणलेलं कापड खेळणाऱ्याच्या नावावर जायचं. त्याबद्दल कुणी काही मागायचं नाही, तसा रिवाजच होता. कोल्हापूरच्या स्पर्धेला अकरा जण पाच दिवस गेले तेव्हा मागे अकरा जण पाच दिवस दुप्पट लूमांमधून धावत होते. मुख्तारभाईंचा जोडीदार नरसय्या नावाचा तेलुगू विणकर होता. त्यानं मुख्तारभाईंची एकही मॅच कधी पाहिली नाही. पाहणार कशी?

मग लूम भंगारात जायला लागले. कुणी गावी परतलं, कुणी गोदामात लागलं. नरसय्याही मुलाकडे गेला आणि तिकडेच वारला.

‘हमको खेलनेवाले कभी कम नहीं पड़े,’ मुख्तारभाई म्हणाले. ‘सँभालनेवाले कम पड़ गए.’

गोदामात अंगठ्याची हजेरी असते आणि तुमचं काम शेजारच्यानं केलेलं चालत नाही. म्हणून खेळाडू आहेत, अठरा जणांची नोंदणीची कार्डं आहेत, पण रविवारी किती येतील ते त्या-त्या गोदामाच्या ड्युटीवर. मी पस्तीस वर्षं भट्टीवर काढली आहेत, मला हे लगेच कळलं. फाउंड्रीतही वितळलेलं लोखंड सोडून कुणी मॅचला जाऊ शकत नाही. पण मग मॅचला जाणाऱ्यांसाठी आम्ही कधी काय केलं, असा प्रश्नही मनात आला, आणि उत्तर काही बरं नव्हतं. आम्ही त्यांची हजेरी कापायचो.

संध्याकाळी सराव बघायला गेलो. मैदानाचा अर्धा भाग ट्रकवाल्यांनी घेतला आहे. मधल्या वर्तुळात ऑइलचे डाग आहेत आणि एका कॉर्नरच्या जागी पंक्चरवाला बसतो. रोशन ड्युटीवर होता. पाच जण आले. चांगली धट्टीकट्टी पोरं, पायात चेंडू बरा बसत होता, पण आरडाओरडा इतका की मला पेठेत असल्यासारखं वाटलं. एकमेकांना हाका मारायचे आणि कुणीच ऐकायचं नाही. मुख्तारभाई कडेला उभे राहून मनगट फिरवत होते. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, कुणाचा ते सांगता यायचं नाही.

परतताना त्यांनी उद्याचं सांगितलं. जिल्ह्याच्या लीगमधली सगळ्यात खालची पायरी. मागच्या एका सामन्याला पाचच जण जमले म्हणून सामना सोडून द्यावा लागला. नियमानं निदान सात जण तरी लागतात. उद्या पुन्हा सात भरले नाहीत तर संघाचं नाव लीगमधून कमी होणार, आणि एकदा कमी झालं की या वयात पुन्हा कागदपत्रं करत फिरायची ताकद त्यांच्यात नव्हती. सहा जणांनी नक्की म्हणून सांगितलं होतं. सातवा रोशन. त्याची रविवारी दोनची ड्युटी होती, पण त्यानं दुसऱ्या वॉचमनबरोबर बदली करून ठेवली होती. मुख्तारभाईंनी सात बोटं मोजून दाखवली आणि हात खिशात घातला.

रविवारी रोशननं मला पूर्ण्याला घरी जेवायला बोलावलं होतं. शेअर रिक्षानं निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामांच्या निळ्या-पांढऱ्या भिंती, एवढ्या लांब की रिक्षा एकाच भिंतीच्या कडेनं दोन-दोन मिनिटं चालत राहते. मध्येच एखादं भाताचं शेत, कापलेल्या भाताचे खुंट आणि त्यात चार बगळे. पुन्हा भिंत. रोशनचं घर गावठाणात, जुनं कौलारू, पुढे तुळस. त्याच्या बापानं शेत फार लवकर विकलं, तेव्हाच्या भावानं. त्यामुळे गावातल्या इतरांचे बंगले झाले आणि यांचं कौल तसंच राहिलं. रोशन हे हसत सांगतो. ज्या गोदामाच्या मागच्या फाटकावर तो बसतो, ते त्यांच्याच शेतात उभं आहे.

त्याच्या आईनं तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण केलं होतं. वर सुक्या बोंबलाची चटणी. इथं मात्र मिरची मागायची वेळ आली नाही, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. म्हातारी खूश झाली. म्हणाली, ‘कोल्हापूरवाला रडवला मी.’

दुसरी भाकरी चालू असताना रोशनचा फोन वाजला. बदलीवाला वॉचमन तापानं आडवा पडला होता. ठेकेदाराच्या माणसानं सांगितलं की दोन वाजता अंगठा लागलाच पाहिजे आणि फाटक रिकामं दिसलं तर उद्यापासून येऊ नको. रोशन उठून पडवीत गेला. मी जेवता जेवता ऐकत होतो. त्यानं एकापाठोपाठ एक दहा-बारा जणांना फोन लावले. कुणी ड्युटीवर, कुणी ड्युटी करून झोपलेला, कुणी गावी. मग तो आत येऊन ताटासमोर बसला आणि भाकरीचा तुकडा नुसता हातात धरून राहिला. मुख्तारभाईंना कसं सांगू, एवढंच म्हणाला. त्यांना फोनवर ऐकूही येत नाही.

मला ते सुचलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते सांगतो, लपवत नाही. मनात आलं की गप्प बस. मी मॅच बघायला आलो होतो. एवढा प्रवास केला, मिशी घालवली, आणि संघाची ही कदाचित शेवटची मॅच. शिवाय दुसऱ्याच्या जागी बसणं हे नियमात बसत नाही. माझ्या खात्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याला फाटकाबाहेर काढलं असतं. हे सगळं मी कालवण संपेपर्यंत विचारात घेतलं. मग हात धुतला आणि म्हटलं, अंगठा तू लाव, फाटकावर मी बसतो.

रोशन ऐकेना. ‘काका, तुमी मॅच बघाया कोल्हापूरशी आलाव, न तुमीच गेटवर बसनार? न्हाय, ह्या बरा न्हाय.’

‘पस्तीस वर्षं भट्टी सांभाळली मी. एक फाटक सांभाळायला येत नाही होय मला?’

तरी तो मान हलवत राहिला. शेवटी आईनंच निकाल दिला. ‘जा रं रोशन. बोलतान ना ते. गेट काय पलून जानार हाय?’

दोन वाजता त्यानं अंगठा लावला. तीनला मला आडवा दांडा वर-खाली करायला शिकवलं, आतल्या माणसाला बोलवायची घंटा दाखवली, आणि आपला निळा शर्ट काढून मला दिला. तो मला पोटावर होईना, मी वरची तीन बटणं लावून खालची सोडून दिली. रविवारचं मागचं फाटक, दोन-तीन गाड्या येतील म्हणाला. मोटरसायकलवर बसून पुन्हा उतरला, आला, घंटा पुन्हा एकदा दाखवली आणि गेला.

मग मी एकटा. प्लास्टिकची खुर्ची, पत्र्याची टपरी, समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे दुसऱ्या गोदामाची भिंत. चार वाजले तेव्हा घड्याळ बघितलं. सुरू झाली असेल. सात जमले असतील ना? सहापैकी एखादा गळाला असला तर रोशन जाऊनही उपयोग नाही, आणि हे मला इथं बसून कळायचा मार्ग नव्हता. रोशनचा फोन मैदानात कुणाच्या तरी पिशवीत, आणि मुख्तारभाई बहिरे. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. एक ट्रक आला, दांडा वर केला. ड्रायव्हरनं विचारलं, नवीन का? मी म्हटलं, बदली. त्यानं मान डोलावली आणि गाडी आत घातली.

कुणी विचारलंच तर सांगायला मी दोन थापा तयार ठेवल्या होत्या, एक पोटदुखीची आणि एक मामाची. दोन्ही वाया गेल्या. ठेकेदाराचा माणूस फिरकलाच नाही. पावणेपाचला मध्यंतर झालं असेल असं धरून मी टपरीवरच्या बाटलीतलं पाणी प्यायलो. मग मला नरसय्या आठवला, ज्याला मी कधी पाहिलेलंसुद्धा नाही. आमच्या स्टँडवर आम्ही हसत होतो, नंतर गप्प झालो, नंतर मी टाळ्या पिटत होतो, त्या वेळी तो इथंच कुठंतरी दोन माणसांचे लूम सांभाळत घड्याळ बघत असणार. त्याच्या लूमच्या आवाजात घड्याळाचा टोलाही ऐकू आला नसेल. मी त्या मॅचच्या इतक्या जवळ होतो आणि तो इतका लांब, पण त्या मॅचमध्ये त्याचा वाटा होता आणि माझा काहीच नव्हता. हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळत होतं. वाईट वाटलं नाही. उलट खुर्चीत जरा नीट बसलो.

रोशन सव्वासहाला परत आला. गुडघे फुटलेले, केसांत माती. मोटरसायकल त्यानं स्टँडवर लावली.

‘सात झालो,’ तो म्हणाला. ‘नव्वद मिनिटं खेललो.’

हरले पाच-एक. सात जणांनी अकरा जणांशी खेळायचं म्हणजे हे व्हायचंच. रोशन म्हणाला की दुसऱ्या हाफला ओरडायला कुणाच्या छातीत दमच उरला नाही. सगळे चूप झाले आणि चूप झाल्यावर त्यांना कडेला मुख्तारभाईंचे हात दिसले. हात दाखवतील तिकडे पळत सुटले. शेवटच्या दहा मिनिटांत एक गोल टाकला. मी विचारलं, कसा टाकला. त्यानं जरा विचार केला. ‘मला पन नीट न्हाय दिसला. मी पार इकरच्या गोलात. धूल उठली, न मग आपलीच पोरा नाचतान.’

मी शर्ट काढून त्याला दिला. तो खुर्चीत बसला, दहापर्यंत त्याची ड्युटी होती. मी रिक्षा पकडून भिवंडीला गेलो. मुख्तारभाई जर्सी भिजवत बसले होते. मला बघून उठले, ओले हात पुसले आणि त्यांनी तो गोल मला हातांनी सांगितला, एक शब्द न बोलता. मनगट, दोन बोटं, तळहात आडवा, मग मूठ. मला त्यातलं अर्धंमुर्धं कळलं. पुन्हा दाखवा म्हटलं, तर त्यांनी पुन्हा दाखवला. तिसऱ्यांदाही दाखवला. मग माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले की पुढची मॅच तीन आठवड्यांनी आहे. बाकी आभार वगैरे काही नाही. इथं रिवाज नाही तो.

सोमवारी सकाळच्या गाडीनं कल्याणहून निघालो. समोर एक जण बसला होता, सोलापूरकडचा, नातीला भेटून परत चाललेला. बोलता बोलता फुटबॉलवर आलो तेव्हा त्यानं विचारलं की ज्या संघासाठी तुम्ही एवढे वेडे आहात त्यांच्या किती मॅच बघितल्या तुम्ही. मी सांगितलं, तीन. दोन जिंकलेल्या, एक हरलेली. त्या तिन्हींतला एकेक पास मला अजून पाठ आहे, लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत मी त्याला तेच सांगत होतो, आणि तो बिचारा ऐकत होता. चौथ्या मॅचचं मात्र मला काही सांगता येईना. गोल कुणी केला ते मला अजून नक्की माहीत नाही. मी त्याला एवढंच सांगितलं की ती झाली, आणि ती होत होती तेव्हा मी पूर्ण्याला एका गोदामाच्या मागच्या फाटकावर बसलो होतो.